शेक

मारुतीच्या देवळातून निघालेली नवरदेवाची मिरवणूक पहिल्या चौकातसुद्धा पोचली नव्हती, तोच गाडी चालवणाऱ्या सुशांतच्या समोर तो लाल दिवा लागला. दिवा तो केवढा, हरभऱ्याच्या डाळीएवढा. पाण्यात बुडवलेल्या थर्मामीटरचं चित्र. सोबत 'टिंग' असा बारीक आवाज झाला, आणि पुढच्या बेंजोच्या, ताशांच्या, पोरांच्या शिट्ट्यांच्या सगळ्या गदारोळात तो फक्त सुशांतला ऐकू आला. तान्ह्या पोराचं कुरकुरणं आईला झोपेतही ऐकू येतं, तसा. मग त्याची त्यालाच लाज वाटली, कारण त्याची स्वतःची आई शेजारच्याच सीटवर बसली होती आणि मघापासून काहीतरी विचारत होती, ते मात्र त्याच्या कानांपर्यंत आलं नव्हतं.

"काय म्हणालीस?"

"म्हटलं, एवढा वेळ लागतो का रे? चालत निघाले असते तर एव्हाना पोचले असते." एवढं बोलून आई स्वतःच हसली. चालत! तिचे गुडघे गेले होते म्हणून तर वऱ्हाडातल्या झाडून सगळ्या बायका रस्त्यावर फुगड्या घालत असताना नवरदेवाची आजी गाडीत बसून होती. मागच्या सीटवर नवरदेव, म्हणजे सुशांतच्या बहिणीचा, प्राचीचा मुलगा नयन, फेटा छताला लागू नये म्हणून मान तिरकी करून बसला होता आणि मोबाइलमध्ये स्वतःचाच चेहरा बघत होता. त्याचा मामा काय बघतोय याच्याशी त्याला काही देणंघेणं नव्हतं, आणि लग्नाच्या दिवशी असूही नये.

हॉल लांब नव्हता. मुरबाड रस्त्याला लागायचं, पेट्रोल पंप ओलांडायचा, की डाव्या हाताला कमान. एरवी एक गाणं संपायच्या आत माणूस पोचेल. पण आज गाडीपुढे बेंजो होता, बेंजोपुढे नयनचे मित्र होते, आणि त्या मित्रांना जगात कुठेही जायचं नव्हतं. कमानीपाशी दिपेश उभा असणार होता. दिपेश म्हणजे नवरीचा मावसभाऊ, टिटवाळ्याचा. त्यांच्या वडिलोपार्जित जमिनीवर आता इमारती उभ्या होत्या आणि दारात उभी करायला त्याला आणखी एक मोठी गाडी हवी होती. साखरपुड्याला त्याने ही गाडी पाहिली, बॉनेटवरून हात फिरवला आणि विचारलं, "काका, विकायची का?" लग्नाच्या दिवशी एक चक्कर मारायची, पसंत पडली तर दुसऱ्या दिवशी पैसे देऊन न्यायची, असं ठरलं. म्हणजे गाडीने आजची एक संध्याकाळ धड काढली की उद्या तिचे पैसे येणार होते, आणि ते आले की आईच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन होणार होतं. इतकं सरळ होतं. त्या ऑपरेशनसाठी बाजूला काढलेले पैसे दिवाळीत ह्याच गाडीने खाल्ले होते, आणि ही गोष्ट सुशांतखेरीज कोणालाही माहीत नव्हती. आईला नाहीच नाही, बायकोलाही नाही.

वाच गं बाई, तो मनात गाडीला म्हणाला. आजचा दिवस वाच. उद्या तुला काय करायचं ते कर. उद्या ती दिपेशची असणार होती, हे ओघाने आलंच, आणि आपण नेमकं काय मागतोय ते त्याला कळतही होतं. पण कळण्याने काही अडत नाही. सुशांतने एसी बंद केला.

गाडी जर्मन होती, बारा वर्षं वापरलेली, मीटरवर लाखाच्या वर बरेच आकडे फिरलेली. ती धावायला तयार असायची, चालायला नाही. नाशिक रस्त्याला लागली की अशी काही सुळकन जायची की सुशांतला आपण ह्याआधीचं सगळं आयुष्य वाया घालवलं असं वाटायचं. पण कल्याणच्या पुलावर, शिळफाट्याला, जिथे म्हणून गाडी एक पाऊल टाकून थांबते आणि पुन्हा एक पाऊल टाकते, तिथे ती आतून तापत जायची, कुरकुरायची, धक्के द्यायची. पोपट मेकॅनिक म्हणायचा, "साहेब, ही गोऱ्यांनी गोऱ्यांसाठी बनवली. त्यांच्याकडे कोण वरात काढतो?" पोपट डोक्यावर काळा गॉगल चढवून काम करायचा आणि प्रत्येक बिलानंतर चहा पाजायचा. बिल जितकं मोठं, तितका चहा गोड. तो खरं बोलतो की लुबाडतो हे सुशांतला अजून ठरवता आलं नव्हतं. ठरवूनही उपयोग नव्हता, कारण ह्या गाडीला हात लावणारा दुसरा माणूस त्याच्या माहितीत नव्हता, आणि डॉक्टरसारखंच मेकॅनिकच्या बाबतीतही माणूस एकदा फाइल उघडून बसला की उठत नाही.

ह्या सगळ्याची सुरुवात एका चौकोनाने झाली होती. वर्तकनगरातली त्यांची जुनी तीन मजली इमारत पाडून बिल्डरने टॉवर बांधला. जुन्या रहिवाशांना घर मिळालं, तळमजल्याखाली गाडी लावायला पिवळ्या रेघांचा एकेक चौकोन मिळाला, आणि वर थोडी रक्कम मिळाली. वरच्या मजल्यांवर पैसे मोजून घर घेतलेले लोक आले. त्यांच्या गाड्या आल्या. जुन्यांच्या चौकोनांत स्कूटर, लग्नातली मोडकी कपाटं, पोरांच्या सायकली. आई जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पाण्याच्या कळश्या चढवून चढवून गुडघे घालवून बसली होती, आणि गुडघे गेल्यावर तिला लिफ्ट मिळाली. तेव्हा सगळे ह्या गोष्टीवर हसले होते, तीसुद्धा. एका रविवारी सुशांत खाली गेला, तर त्याची स्कूटर कोणीतरी भिंतीला टेकवून ठेवलेली आणि त्याच्या चौकोनात एक परकी, काळी, चकचकीत गाडी. वॉचमन म्हणाला, "बाराव्या मजल्याचे पाहुणे आहेत, साहेब. तुमचं तर रिकामंच असतं ना." त्याने काही वाईट अर्थाने म्हटलं नव्हतं. पण रिकामंच असतं हे वाक्य सुशांतबरोबर लिफ्टमधून वर आलं, जेवायला बसलं, सोमवारी त्याच्याबरोबर वागळे इस्टेटला ऑफिसात गेलं. पन्नाशीला आलेला माणूस, वीस वर्षं एकाच कंपनीत एकाच खुर्चीत, साहेब त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान. तुमचं तर रिकामंच असतं. नवी छोटी गाडी घेता आली असती. पण वॉचमनच्या त्या वाक्याला नव्या छोट्या गाडीने उत्तर मिळालं नसतं.

आणि गंमत अशी की ऑफिसात तो खरेदी विभागात होता. एका बोल्टच्या भावावरून पुरवठादारांना रडकुंडीला आणणारा माणूस. डोंबिवलीच्या महेंद्र नावाच्या गृहस्थाच्या घरी पोहे खाताना मात्र त्याने एकही प्रश्न नीट विचारला नाही. महेंद्र म्हणाला, "मुलगी कॅनडाला चाललीय, म्हणून काढतोय, नाहीतर ही घरची लक्ष्मी आहे." सुशांतने मान डोलावली. गाडीचा दरवाजा लावला तर आतमध्ये एकदम शांतता झाली, बाहेरचा रिक्षावाला नुसता तोंड हलवताना दिसला, आणि त्या शांततेतच सौदा झाला. चावी देताना महेंद्रने त्याचा हात दोन्ही हातांत धरला होता. केवढा भावुक माणूस, असं सुशांतला वाटलं होतं. पहिल्याच महिन्यात पुढच्या चाकांवरचं सगळं खिळखिळं निघालं, मग तेल गळायला लागलं, मग कसलातरी पंप गेला, तेव्हा कुठे त्या हातांचा अर्थ त्याला लागला. तो सुटकेचा हात होता. गेला आठवडाभर सुशांत अंघोळीच्या वेळी आरशासमोर महेंद्रचाच तो भावुक चेहरा करून बघत होता. दिपेशला काय सांगायचं? मुलगी कॅनडाला जाणार असं सांगता येत नव्हतं, त्याची सान्वी अजून दहावीत होती.

"मामा, एसी बंद केला का?" नयनने मागून विचारलं.

"हो रे, जरा लोड येतोय. दोन मिनिटं."

पण लाल दिवा विझला नाही. आता काटाही हलला. हा काटा एरवी मधोमध, देवासारखा निश्चल असायचा. तो हलू शकतो हेच सुशांत विसरून गेला होता. पोपटने एकदा सांगितलेलं त्याला आठवलं, "अगदीच तापली तर हीटर सोडायचा, साहेब, फुल. इंजिनची गरमी आत खेचतो. तुम्हाला घाम फुटेल, पण इंजिन वाचेल." मे महिन्यातली संध्याकाळ. आत सत्तरीच्या पुढची आई, जरीच्या नऊवारीत. मागे शेरवानीत आवळलेला भाचा. सुशांतचा हात बटणापाशी गेला, थांबला, आणि मग त्याने बटण शेवटपर्यंत फिरवलं. डाव्या-उजव्या जाळ्यांमधून भाजका वारा भसकन आत आला. तव्यावरून यावा तसा, धुळीचा वास असलेला. गाडी वाचवायला आपण आईच्या अंगावर हे सोडलं, हे वाक्य त्याच्या डोक्यात अगदी स्वच्छ अक्षरांत उमटलं आणि तिथेच राहिलं.

"मामा! काय चाललंय? मेकअप उतरेल माझा!"

"काच खाली घे. थोडं सहन कर, राजा. गाडीचं काहीतरी…"

त्याने भीत भीत आईकडे पाहिलं. खालच्या जाळीतला वारा थेट तिच्या पायांवर येत होता. तिने नऊवारीचा काठ बोटभर वर केला, गुडघे वाऱ्यासमोर धरले आणि डोळे मिटले.

"बरं वाटतंय रे," ती म्हणाली. "शेक बसतोय छान. हे आधी का नाही लावलंस कधी?"

सुशांतने मान वळवून समोर पाहिलं. रस्ता धूसर झाला, पण रस्त्यावर बघण्यासारखं काही नव्हतंच, नुसत्या नाचणाऱ्या पाठी होत्या. ही बाई जर ओरडली असती, हे काय करतोयस म्हणाली असती, तर त्याला किती सोपं गेलं असतं. ती कधी ओरडली नाही. गाडी आणली त्या दिवशीसुद्धा नाही. चाकांखाली लिंबं ठेवली, नारळ फोडला, रसिकाने, त्याच्या बायकोने, बॉनेटवर स्वस्तिक काढलं, आणि आईला पहिली चक्कर म्हणून कोपिनेश्वराला नेलं. आत बसताना ती सहज बसली, किंबहुना पडलीच, कारण ही गाडी जमिनीला टेकलेली. पण देवळापाशी उतरायची वेळ आली तेव्हा ती उठेचना. सीट खोल, गुडघे वर, हाताला धरायला काही नाही. त्याने एक हात धरला, रसिकाने एक, आणि दोघांनी ओढलं. ती अर्धी उठली, "आई गं" म्हणाली आणि पुन्हा खाली बसली. शेवटी तिघंही हसत सुटले होते. "मला इथूनच दाखव बाबा देव," ती म्हणाली, आणि गाडीतून हात जोडले. त्यानंतर त्याने तिच्यासाठी एक जाड उशी आणली. उशीने फार फरक पडला नाही. हसणं मात्र पुन्हा झालं नाही, कारण पुढे पुढे तिला उठवताना तिच्या तोंडून जो आवाज यायचा तो हसण्याजोगा नव्हता.

हाडांच्या डॉक्टरांनी दिवाळीनंतरची तारीख दिली होती. दोन्ही गुडघे एकदमच करू, म्हणाले. पैसे तयार होते. आणि दिवाळीतल्याच एका सकाळी, माजिवड्याच्या पुलाखाली, गाडीने गिअर टाकायचं नाकारलं. पोपट म्हणाला, गिअरबॉक्सचा मेंदू गेलाय. मेंदू! त्याने सांगितलेला आकडा ऐकून सुशांत टायरांच्या ढिगावर बसला होता. गाडी तशीच सोडून द्यायची, तर आधी ओतलेलं सगळं मातीत. दुरुस्त करून विकायची, तर सगळं परत. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. हिशोब इतका बिनचूक होता की तो चुकीचा असेल असं कोणालाही वाटलं नसतं. त्याने हॉस्पिटलला फोन करून तारीख रद्द केली. घरी आला. आई भिंतीला धरून उभी होती, तिने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले?" आणि त्याच्या तोंडून निघून गेलं, "तुझी साखर वाढलीय थोडी. ती खाली आल्याशिवाय करता येणार नाही म्हणाले."

साखर कुठेही वाढली नव्हती. रिपोर्ट त्याच्याच बॅगेत होता आणि तो नव्या नवरीच्या पत्रिकेसारखा निर्दोष होता. पण रिपोर्ट आणणारा तो, वाचून दाखवणारा तो, डॉक्टरांशी बोलणारा तो. आईने दुसऱ्या दिवसापासून चहातली साखर सोडली. मग गूळ सोडला. संक्रांतीला तिळगूळ हातात घेऊन कपाळाला लावला आणि सान्वीला दिला. होळीला पुरण स्वतः ओट्याशी स्टूल ठेवून शिजवलं, चाखलं नाही. रोज सकाळी रसिका कारल्याचा रस करून द्यायची आणि आई तो उभ्याने, नाक न दाबता, एका दमात प्यायची. पेला खाली ठेवून विचारायची, "आता कमी झाली असेल ना रे?" आणि सुशांत पेपरामागून म्हणायचा, "होतेय, होतेय. थोडी राहिली." गाडी विकली जात नव्हती. बघायला येणारे दरवाजा लावून त्या शांततेवर खूश व्हायचे आणि मग मीटर बघून पोहे खाऊन निघून जायचे. दोन महिन्यांचे सहा झाले. रोज सकाळी त्या पेल्यासमोर तो माणूस म्हणून कसा उभा राहत होता, त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. कधी कधी त्याला वाटायचं, रसिकाने एक दिवस रिपोर्ट शोधावा, सगळ्यांसमोर आपल्या तोंडावर फेकावा आणि एकदाचं सगळं संपवावं. पण रसिका त्याची बॅग कधी उघडायची नाही. तिचा विश्वास होता.

बेंजोवाल्यांनी नवं गाणं धरलं. मिरवणूक पेट्रोल पंपासमोर येऊन पुन्हा तुंबली. काटा लाल रेघेला टेकला होता. हीटर चालू असूनही! असं कसं? पुढून वारा जायला पाहिजे, पंखा तरी फिरतोय ना, फिरतोय, घुर्रर्र आवाज येतोय, मग वारा आत का जात नाही? आणि तेव्हा सुशांतच्या डोळ्यांसमोर सकाळ उभी राहिली. फुलवाला. झेंडू. साखरपुड्यानंतर गाडीच्या नाकावरची जाळी एका बाजूला तुटली होती, आणि बोधचिन्हही कुणीतरी काढून नेलं होतं. दिपेशच्या ते नजरेत येऊ नये म्हणून सुशांतने फुलवाल्याला सांगितलं, "पुढची जाळी दिसताच कामा नये. गच्च भर." आणि चिकटपट्टीने रंग उडू नये म्हणून फुलांच्या खाली जाड प्लास्टिक लावायला सांगणाराही तोच. फुलवाला म्हणाला होता, "साहेब, एवढं प्लास्टिक?" "लाव, लाव. रंग जपायला हवा." पंखा मघापासून त्या प्लास्टिकवर डोकं आपटत होता. गाडीचं नाक-तोंड त्याने स्वतःच्या हाताने बांधलं होतं, आणि मग तिला आईच्या वेगाने चालायला लावलं होतं.

उतरावं. आत्ता, ह्या क्षणी, दार उघडून पुढे जावं आणि ते सगळं फाडून काढावं. पाच मिनिटं इंजिन बंद ठेवावं. पण कमान आता दिसत होती. कमानीखाली पांढऱ्या सदऱ्यात दिपेश दिसत होता, हात कमरेवर, मान उंच करून गाडीकडेच बघत असलेला. ज्या गाडीच्या नाकावरची फुलं तिचा मालक भर रस्त्यात ओरबाडतो, ती गाडी कोण घेईल? आणि प्राचीने घोडा सांगितलेला रद्द केला होता, "माझ्या दादाच्या गाडीतून येईल माझा मुलगा" असं सासरच्यांना ऐकवून. सुशांतने काच खाली केली आणि ओरडला, "अरे, चला ना पुढे! पुढे चला!" मित्रांनी ते नाचण्याचं प्रोत्साहन समजून हात वर केले. एक जण बॉनेटसमोर आला आणि गाडीलाच ओवाळल्यासारखं करून नाचू लागला. प्राची घामाने निथळत, नथ सावरत खिडकीपाशी आली.

"दादा, अरे घाई काय करतोस? गोरजाला वेळ आहे अजून. एकुलता एक आहे रे माझा, नाचू दे त्यांना."

"प्राची, गाडी…"

"गाडी किती सुंदर दिसतेय!" ती म्हणाली आणि आईच्या गालाला हात लावून गेली.

आणि मग वास आला. आधी अगदी हलका, गोडसर, मग दाट. हा वास सुशांत ओळखत होता. पोपटच्या गॅरेजमध्ये त्याने तो पहिल्यांदा घेतला होता. इंजिन गार ठेवणारं जे हिरवं पाणी असतं, ते तापल्या लोखंडावर सांडलं की असाच वास येतो. पोपट म्हणाला होता, "हा पाइपसुद्धा बदलून टाका, साहेब, प्लास्टिकचा आहे, बिस्किट झालाय त्याचा." गिअरबॉक्सच्या आकड्यानंतर सुशांतमध्ये हो म्हणायचं त्राण नव्हतं. पुढच्या वेळी बघू, असं तो म्हणाला होता.

आईने नाक वर करून दोनदा श्वास घेतला. तिचा चेहरा एकदम उजळला.

"पाक करतायत," ती म्हणाली. "जिलेबीचा. हॉल जवळ आला वाटतं."

बॉनेटच्या फटींतून वाफेचा पहिला झोत झेंडूच्या माळांमधून वर आला. मग दुसरा. मग सगळीकडूनच. पांढरे ढग गाडीपुढून उसळून नाचणाऱ्यांच्या अंगावर गेले, आणि क्षणभर सगळे थबकले. मग एकच जल्लोष झाला. हल्ली लग्नांत धुराचं मशीन लावतात, नवरदेव ढगांतून येतो; पोरांना वाटलं, मामाने ते गुपचूप बसवून घेतलंय. "मामा, एक नंबर! मामा, कडक!" शिट्ट्या, मोबाइल उंच. बेंजोवाल्यालाही चेव आला. त्या वाफेत घुसून ती पोरं अशी नाचली की तसं त्या संध्याकाळी कोणी नाचलं नव्हतं. सुशांत स्टिअरिंग धरून बसला होता. समोर काही दिसत नव्हतं. आतून, अगदी आतून, दगडावर दगड घासल्यासारखा आवाज आला. गाडी एकदा हादरली आणि बंद पडली.

पुढचं फार पटकन झालं, आणि कोणालाही त्याचं काही वाईट वाटलं नाही, हे सगळ्यात वाईट होतं. मित्रांनी मागचं दार उघडलं, नयनला खांद्यावर घेतलं, आणि "मामा, हे तर घोड्यापेक्षा भारी!" असं तोच वरून ओरडला. मिरवणूक सैल झाली, पुढे सरकली. गाडी मागे राहिली. कमानीकडून दिपेश चालत आला. त्याने बॉनेटच्या जवळ हात नेऊन लगेच मागे घेतला, खाली वाकून रस्त्यावर पसरलेलं हिरवं पाणी बघितलं आणि सरळ झाला.

"काका, ही तर गेली," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. उलट सुशांतची कीव आल्यासारखा तो थोडा थांबला. "बाजूला घेऊया का? पोरांना बोलावतो धक्का मारायला. जेवून घ्या तुम्ही आधी." आणि तो गेला, कारण त्याची बहीण नवरी होती आणि नवरदेव दारात आला होता.

मागे गाड्यांचे हॉर्न सुरू झाले होते. सुशांत उतरला, वळसा घालून आईच्या बाजूला आला आणि दार उघडलं. आत भट्टी झाली होती. आईच्या कपाळावरचं कुंकू घामाने खाली ओघळलं होतं, पण ती प्रसन्न दिसत होती. तिला काय झालंय ते कळलं नव्हतं असं नाही. गाड्या बंद पडतात हे तिला आता ठाऊक होतं, ही पडते हे तर फारच चांगलं ठाऊक होतं.

"बंद पडली होय? असू दे. पोचलोच की." तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. "सुशा, एवढा का रे चेहरा? लग्न आहे घरात." मग आवाज खाली आणून, शाळेतल्या पोरीने विचारावं तसं तिने विचारलं, "एक विचारू का? आज एक जिलेबी खाल्ली तर चालेल का मला? एकच. वास असा सुटलाय ना…"

आत्ता सांग, सुशांतच्या मनात आलं. आत्ता, इथे, हॉर्न वाजतायत तोवर. तुला काही झालेलं नाही, आई, कधीच झालं नव्हतं. हा वास जिलेबीचा नाही. तुझे गुडघे त्या रस्त्यावर सांडलेत, ते बघ, हिरवे. त्याचे ओठ हललेसुद्धा. पण तिच्या डोळ्यांत सहा महिन्यांची जी हाव होती, ती बघितल्यावर त्याला एवढंच कळलं की तिला आत्ता ह्या क्षणी नाही म्हणणं जमणार नाही. त्याहून जास्त धैर्य त्याच्यात नव्हतं.

"खा, आई," तो म्हणाला. "एक का, हव्या तेवढ्या खा. तुझी साखर आता अगदी ठीक आहे."

आई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते त्याने लहानपणापासून कधी बघितलं नव्हतं. सुरकुत्यांमधून एक मुलगी वर आली.

"खरंच? रिपोर्ट आला? आणि मला सांगितलं नाहीस!" तिने त्याच्या दंडावर हलकी चापट मारली. "बघ, कारल्याने गुण दिला की नाही? रसिकाला सांगते आधी. अरे, मग आता तारीख घे ना डॉक्टरांची. उद्याच फोन कर. आता कशाला थांबायचं?"

समोरच्या कमानीतून तुताऱ्या वाजल्या, कोणीतरी माइकवर वऱ्हाडी मंडळींना आत यायला सांगत होतं. रस्त्यावरच्या हिरव्या पाण्यात झेंडूच्या पाकळ्या तरंगत होत्या. आईने एक पाय उचलून दाराबाहेर ठेवला, मग दोन्ही हातांनी धरून दुसरा, आणि त्या खोल सीटमधून हात पुढे केले.

"चल, ओढ मला," ती म्हणाली. "मुहूर्त गाठू."

त्याने तिचे दोन्ही हात धरले आणि ओढलं. ती अर्धी उठली, तोंडातल्या तोंडात कण्हली आणि पुन्हा खाली बसली. पण ती हसत होती.

"अजून जोरात ओढ रे," ती म्हणाली. "थोडे दिवस तर राहिलेत."